नाद

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'नाद' हा आपल्या मराठीतला मोठा गमतीदार शब्द आहे. देवळातल्या घंटेचा तोही नाद आणि पोरगे अभ्यास सोडून भलतीकडे वळले म्हणजे त्याला लागतो तोही नादच. आमच्या भागात तर 'नाद खुळा' म्हणण्याची पद्धतच आहे. माझ्या बाबतीत मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदमच खरे ठरले. मला नाद लागला तो आवाजांचाच. आणि तेही जवळच्या नव्हे, फार लांबच्या आवाजांचा. रात्री माळवदावर बसायचे, रेडिओचा काटा केसाएवढा सरकवायचा आणि खरखरीतून एखादा माणूस बोलताना सापडतो का ते पाहायचे, असा हा नाद आहे. तो कसा लागला आणि त्याने मला काय दिले, हे माझ्या मित्रमैत्रिणींना सांगावे म्हणून हा लेख.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आबा चौथी शिकले आहेत, आईला सही येते. माळशिरसपासून थोड्या अंतरावर आमची दोन एकर जमीन आहे, एक विहीर आहे आणि विहिरीवर मोटार आहे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आमच्या शिवाराच्या खालून जाते, आमच्या वाट्याला ते येत नाही. म्हणून आमचे सगळे मोटारीवर आणि मोटारीचे सगळे लाईटवर. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, तर एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात आबा खांद्यावर खोरे टाकतात, हातात बॅटरी घेतात आणि काखेला रेडिओ अडकवून दारे धरायला जातात.

लहानपणी मला वाटे, आबांना गाण्याची फार आवड आहे. पुढे कळले, की त्यांच्या लेखी रेडिओ ही करमणुकीची वस्तूच नव्हती. ते त्यांचे घड्याळ होते. बातम्या झाल्या की किती वाजले आणि कितव्या सरीला पाणी पोहोचले असेल याचा त्यांचा हिशेब ठरलेला असे. उसाच्या फडात जनावर असले तर माणसाची चाहूल लागून ते बाजूला व्हावे म्हणूनही रेडिओ चालू असे. आणि मध्यरात्री बांधावर एकट्या माणसाशी बोलणारे तेवढेच कोणीतरी होते. मामाने लग्नात दिलेला तो तीन सेलांचा संच आबा पोरासारखा जपत. पुणे केंद्र ७९२ वर, सांगली १२५१ वर, मुंबई ५५८ वर, हे आकडे त्यांना पाठ नव्हते; पण काट्याची जागा अंधारात बोटांनी सापडे.

एके वर्षी त्यांचे रात्रीचे एक नेहमीचे केंद्र लागेना. आबांनी सेल बदलले, रेडिओ उन्हात ठेवला, शेवटी बाजाराच्या दिवशी अकलूजला नेऊन दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने उघडून पाहिला आणि पैसे न घेताच परत दिला. म्हणाला, "रेडिओ चांगलाय. तिकडचं यंत्रच बंद केलंय त्यांनी. आता मोबाइलवर ऐका." आबांनी रेडिओ पिशवीत ठेवला. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "बंद करायचं तर करा, पण सांगायचं तरी एकदा." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. मध्यमलहरींवरची जुनी प्रक्षेपण यंत्रे एकेक करून बंद होत आहेत, त्यांतल्या काहींच्या जागी अंकीय पद्धतीची आली आहेत आणि त्यांचे प्रसारण साध्या रेडिओवर नुसता खरखराट म्हणून ऐकू येते, हे मला नंतर समजले. पण त्या दिवशी मनात एकच प्रश्न आला. हे आवाज आबांच्या काखेतल्या खोक्यापर्यंत येत तरी कसे होते? आणि एक बंद झाला, तरी बाकीचे किती शिल्लक असतील?

महाविद्यालयात आल्यावर 'कमवा आणि शिका' योजनेत मला ग्रंथालयातील कपाटे पुसण्याचे काम मिळाले. पुस्तके पुसताना ती चाळली जातातच. अशाच एका जुन्या विज्ञान मासिकात 'स्कॅनर' नावाच्या यंत्राविषयी लेख सापडला. स्कॅनर म्हणजे एकामागून एक लहरी चाचपत जाणारा आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे आपोआप थांबणारा रेडिओ. अमेरिकेत हजारो लोक हौस म्हणून अग्निशामक दलाचे बंब, रेल्वे, विमाने, पोलीस यांची बोलणी घरबसल्या ऐकतात, असे त्यात होते. वाचून मी हरखून गेले. असले यंत्र आपल्यालाही मिळाले तर!

पण थोडे खोलात गेल्यावर दुसरी बाजू दिसली. आपल्या देशात बिनतारी यंत्रांना फार जुन्या काळापासून कायद्याचे बंधन आहे. १८८५ चा तारेचा कायदा, १९३३ चा बिनतारी कायदा आणि आता २०२३ चा दूरसंचार कायदा, अशी ही परंपरा आहे. एकेकाळी घरातल्या साध्या रेडिओलाही टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. तो १९८० च्या दशकात रद्द झाला. पोलीस, विमाने, सैन्य यांची आपापसांतली बोलणी परवानगीवाचून चोरून ऐकणे मात्र आजही कायद्याला धरून नाही. आणि खरे सांगायचे तर, कायदा बाजूला ठेवला तरी ते मला पटेना. आषाढात माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामाला येते. त्या गर्दीत पोलिसांच्या खांद्यावरची बिनतारी यंत्रे सारखी कुरकुरत असतात, आणि तिकडे कर्ण्यावरून हरवलेल्या माणसांची नावे पुकारली जातात. कर्ण्यावरचे बोलणे सगळ्यांसाठी असते. खांद्यावरचे ज्याचे त्याच्यासाठी. दाराला कान लावणे वेगळे आणि अंगणात चाललेले कीर्तन ऐकायला बसणे वेगळे. म्हणून मी ठरवले, की जे सगळ्यांसाठी आकाशात सोडले आहे तेवढेच ऐकायचे. हा एवढा नियम केल्यावरसुद्धा ऐकण्यासारखे इतके उरते, की एक जन्म पुरायचा नाही.

कायद्याचे वाचता वाचता मला एक हकीगत सापडली आणि ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४२ च्या चळवळीत नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बंद झाली, तेव्हा मुंबईत काही तरुणांनी गुप्तपणे 'काँग्रेस रेडिओ' चालवला. त्यांतल्या उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ही मंडळी यंत्र घेऊन जागा बदलत. शेवटी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडले गेले आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे प्रसारण ४२.३४ मीटरवर होते. ३०० ला त्या आकड्याने भागले, की ७.०९ मेगाहर्ट्झ येतात. आज तीच जागा परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांच्या ४० मीटरच्या पट्ट्यात मोडते. गंमत अशी, की हे प्रसारण पकडण्यासाठी पोलिसांनी ते ऐकून शब्दशः उतरवून ठेवले. आणि म्हणूनच ती भाषणे आज आपल्याला वाचायला मिळतात. शत्रूने का होईना, कान देऊन ऐकले म्हणून ते शब्द वाचले.

असो. माझी सुरुवात अशी झाली. योजनेतून साठलेल्या पैशांतून आठशे रुपयांना एक वापरलेला संच घेतला. त्यावर मध्यमलहरींबरोबर लघुलहरींचेही पट्टे होते. तार लागते असे वाचले होते. ती मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणली. जळालेल्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार तिथे किलोवर विकतात. पावशेर पुरली. तिच्यावरचा मुलामा टोकाला खरवडला, माळवदाच्या कठड्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत पन्नास फूट ओढली आणि दोन्ही टोकांना सलाइनच्या नळीचे तुकडे बांधले, म्हणजे तार झाडाला थेट टेकणार नाही. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगते: विजेच्या तारांच्या वर, खाली किंवा जवळ ही तार चुकूनही नेऊ नका; आणि ढग गडगडू लागले, की ती रेडिओपासून काढून बाहेर टाका.

पहिल्या रात्री मला केंद्रे ऐकू आली नाहीत, माझे गाव ऐकू आले. शेजाऱ्यांच्या एलईडी दिव्याची घरघर, मोबाइलच्या चार्जरची शीळ, कोणी मोटार चालू केली की फटकन एक ठोका. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेले झटका मशीन. ते दर सेकंदाला टक्, टक्, टक् करीत असते, आणि रेडिओवर ते जणू कोणी दगडावर हातोडी मारीत असल्यासारखे वाजते. मी कंटाळून उठणार, तोच लाईट गेली. आणि काय सांगू! जत्रेतले सगळे पाळणे एकदम थांबावेत तसे झाले. काळ्याभोर शांततेतून एक कानडी बाई स्पष्ट बोलू लागली, तिच्या शेजारी तेलुगू गाणे, थोडे पुढे तमिळ. लघुलहरींवर गेले तर चीनहून एक निवेदक शुद्ध हिंदीत बोलत होता आणि बीबीसीचा इंग्रजी आवाज लाटेसारखा वरखाली होत येत होता.

पण माझ्या नादातला पेच नेमका इथेच होता. लाईट गेली, की मला आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी अर्ध्या मैलावर आबांची मोटार थांबायची. वाफे अर्धे कोरडे राहायचे. आबा बांधावर बसून लाईटची वाट बघायचे आणि मी माळवदावर ती येऊ नये म्हणून! एकदा ते पहाटे चिखलाच्या पायांनी घरी आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आज लाईट चार येळा गेली. तुझं बरं झालं असंल." ते हसून म्हणाले होते, पण मला हसू आले नाही. ज्याच्या कष्टावर मी शिकते त्याचा तोटा तो माझा फायदा, असला नाद काय कामाचा? त्यानंतर मी लाईट असतानाच ऐकायला शिकले. रेडिओ घेऊन घरापासून लांब, शेताच्या टोकाला जायचे, किंवा संच हळूहळू फिरवून असा धरायचा की नको तो आवाज बारीक होईल. रेडिओच्या पोटात एक काळी कांडी असते. तिचे टोक ज्या दिशेला रोखाल तिकडून येणारा मध्यमलहरींचा आवाज सगळ्यात क्षीण होतो. हा गुण पुढे माझ्या फार उपयोगी पडला. ते ओघाने येईलच.

माझा विषय भूगोल. वातावरणाचे थर आम्ही पहिल्या वर्षी पाठ केले होते. परीक्षेत आकृती काढली, गुण मिळाले, विसरून गेलो. आता तीच आकृती रोज डोक्यावर ताणलेली दिसू लागली. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवर सूर्याच्या तेजाने जो थर तयार होतो, तो मध्यमलहरी गिळून टाकतो. म्हणून दिवसा जवळचीच केंद्रे लागतात. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वर जातात आणि वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली येतात. हा वरचा आरसा खरोखरच आहे, हे इंग्लंडच्या ॲपल्टन यांनी १९२४ साली प्रयोगाने दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी याच थरांचा अभ्यास केला आणि त्यांचा वातावरणाच्या वरच्या थरांवरील ग्रंथही १९४७ सालीच प्रसिद्ध झाला.

सर्वांत मोठा आनंद मला संध्याकाळी होतो. अंधार पूर्वेकडून येतो, म्हणून पूर्वेची केंद्रे आधी जागी होतात. आधी आंध्र-तेलंगणच्या बाजूची, मग वरच्या अंगाची, आणि आखाती देशांतली अरबी केंद्रे सर्वांत शेवटी. पहाटे हीच रांग त्याच क्रमाने मावळते. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेले आहे आणि माळशिरस ७५ अंशांच्या जरासे अलीकडे. म्हणजे आपला खरा सूर्य घड्याळाच्या सुमारे अर्धा तास मागे असतो. हे गणित वर्गात सोडवताना नुसते आकडे होते. आता त्या अर्ध्या तासात मी रोज पृथ्वी फिरताना ऐकते.

नवशिक्यांना आणखी चार गोष्टी सांगते. एक, वही ठेवा. तारीख, वेळ, काट्याचा आकडा, भाषा आणि काय ऐकले ते लिहा. परदेशी केंद्रे जागतिक वेळ सांगतात. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा केले की ती मिळते. दुसरे, आपल्याकडे मध्यमलहरींवरची केंद्रे ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली असतात. म्हणून प्रत्येक आकड्याला ९ ने नि:शेष भाग जातो. ५५८, ७९२, १२५१, करून पाहा. भाग जात नसेल तर आकडा वाचताना काहीतरी चुकले असे समजावे. तिसरे, आवाज कसा येतो ते सांगण्याची पाच अंकांची जागतिक पद्धत आहे. आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राची लुडबुड, खरखर, चढउतार आणि एकंदर मत, यांना प्रत्येकी १ ते ५ गुण द्यायचे. आपण रोज परीक्षेला बसतो. इथे आपणच परीक्षक असतो! आणि चौथे म्हणजे धीर. एखाद्या केंद्राचे नाव कळायला कधी कधी आठवडा लागतो. तासाच्या ठोक्याला ते नाव सांगतात आणि नेमकी तेव्हाच खरखर वाढते.

उशिरा जन्माला आल्याचे दु:खही या नादात आहेच. १९५२ साली केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीने सिनेसंगीताकडे पाठ फिरवली आणि सारा देश सिलोनकडे वळला. अमीन सयानींची गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. ते रेडिओसमोर गोळा होणारे घोळके मी पाहिले नाहीत. सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. बीबीसीचे हिंदी लघुलहरींवर १९४० पासून होते. तेही ३१ जानेवारी २०२० ला थांबले. जत्रा उठल्यावर गावात आल्यासारखे मला कधी कधी वाटते. पण जत्रा उठल्यावरच लांबची विहीर आणि तिच्यावरचा रहाट ऐकू येतो, हेही तितकेच खरे.

याच चाचपडण्यात ७ मेगाहर्ट्झच्या आसपास बदके बोलावीत तसे आवाज मला सापडले. ती हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे 'हॅम' लोकांची बोलणी होती. त्यांची पद्धत वेगळी असल्याने साध्या संचावर शब्द कळत नाहीत. पण त्यांच्याविषयी वाचले आणि माझ्या नादाला दिशा मिळाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तारा आणि फोन बंद पडले, तेव्हा हे लोक आपापली यंत्रे घेऊन मदतीला धावले होते. २००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला हौशी केंद्र चालवायला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, अंदमानचा संपर्क तुटला आणि त्यांचे हौसेचे यंत्रच निरोपांची वाट झाले. 'एवढे बसून काय ऐकतेस?' या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

कारण तो प्रश्न मला फार ऐकावा लागला आहे. पोरीच्या जातीने रात्री माळवदावर काय बसायचे, कोणाशी बोलते, कानाला काय लावते, असली कुजबुज वस्तीवर सुरू झाली. आईने मला काही म्हटले नाही. ती दुसऱ्या दिवसापासून गोधडी शिवायला घेऊन माळवदावर माझ्याशेजारी येऊन बसू लागली. तिला कानडी थोडे कळते, हे मला एकोणीस वर्षांत प्रथम कळले. तिचे आजोळ सीमेकडचे. एका रात्री कानडी केंद्रावर कोणी बाई जात्यावर म्हणतात तसले काही गात होती. आईची सुई थांबली. गाणे संपल्यावर म्हणाली, "आजी म्हणायची हे." पुढे ती काही बोलली नाही आणि मीही काट्याला हात लावला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोस्टमन एक पाकीट घेऊन आला. दूरच्या एका केंद्राला मी वहीतल्या नोंदी लिहून पाठवल्या होत्या. त्या तपासून त्यांनी पोचपावतीचे चित्रकार्ड पाठवले होते. आमच्या दारात तोवर सोसायटीच्या थकबाकीची नोटीसच काय ती येत असे. पाकिटावर माझे नाव, खाली मु. पो., ता. माळशिरस, जि. सोलापूर, असे सगळे होते. आबांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिले आणि विचारले, "किती भरायचंय?" काही भरायचे नाही, उलट त्यांनीच आभार मानले आहेत, असे सांगितल्यावर त्यांनी ते कार्ड देवळीत, देवाच्या फोटोशेजारी ठेवले. वस्तीवरची कुजबुज त्यानंतर कमी झाली. सरकारी शिक्क्याला आपल्याकडे मान आहेच!

आता त्या खांबाची गोष्ट. गेल्या वर्षी मृगाच्या सरी पडल्या आणि माझ्या रेडिओवर एक नवीच तडतड सुरू झाली. तव्यावर मोहरी तडतडते तशी, साऱ्या पट्ट्यांवर सारखीच. वही चाळली तेव्हा ध्यानात आले, की ती ओल असलेल्या रात्रीच येते, ऊन पडले की नाहीशी होते, आणि लाईट गेली की जागच्या जागी थांबते. म्हणजे ती आकाशातली नव्हती, विजेच्या तारांवरची होती. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात समतल फलकाने दोन ठिकाणांहून रेषा काढून लांबच्या झाडाची जागा ठरवायला आम्हाला शिकवले आहे. मी तेच केले. रेडिओची कांडी फिरवत आवाज कोणत्या दिशेला मरतो ते पाहिले, कागदावर रेघ ओढली. विजेच्या तारा आवाज लांबवर वाहून नेतात, म्हणून दोन रेघांवर विश्वास न ठेवता तीन ठिकाणांहून काढल्या. तिन्ही रेघा विहिरीच्या वाटेवरच्या लोखंडी खांबापाशी एकत्र आल्या. वीस पावलांवर उभी राहिले तर रेडिओ हातात नुसता थरथरत होता. त्या खांबाच्या ताणाला आबा शेळी बांधत आणि रात्री चिखलातून अनवाणी तिथूनच जात.

आबांना सांगितले तर ते म्हणाले, "खांबाचा आवाज रेडूत कसा येईल, पोरी?" पण त्या रात्री ते दुसऱ्या वाटेने गेले. मी लेखी अर्ज केला, कागदावरच्या तीन रेघा जोडल्या आणि तो लाईटच्या ऑफिसात देऊन पोच घेतली. तिसऱ्या दिवशी वायरमन आला, लाईन बंद करून वर चढला आणि हातात चिनी मातीचा तडकलेला चिमणीएवढा तुकडा घेऊन उतरला. त्याच्या अंगावर काळा ओरखडा होता. ओल धरली की वीज तिथून खांबात उतरू पाहत होती. त्याने वर बघितले, शेळीकडे बघितले आणि म्हणाला, "अजून एक मोठा पाऊस झाला असता तर..." आबांनी पुढचे ऐकून न घेता शेळी सोडली.

संध्याकाळी ते माळवदावर आले. आमच्या घरात पोटातले बोलून दाखवण्याची रीत नाही. थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "ते तुझं खोकं घे, आन् उद्या खालच्या अंगाचे खांब बी फिरून ये. तिकडं शेजाऱ्याची पोरं ये-जा करत्यात." मी फिरले. उरलेले खांब शांत होते. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: 'सात खांब; आवाज नाही.' इतकी सुंदर नोंद माझ्या वहीत दुसरी नाही.

पहिल्या वर्षी मी इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसत असे. बोलणे भराभर निघून जाई आणि मागे लाज उरे. रोज रात्री लाटेसारखा वरखाली होणारा इंग्रजी आवाज खरखरीतून वेचताना मला एक गोष्ट समजली, की सगळे शब्द कळायची गरज नसते. कान सोडायचा नाही, म्हणजे उरलेले हळूहळू येते. आज मी दुसऱ्या बाकावर बसते. आमच्यासारख्या घरांतून प्रथमच इथे आलेल्या मुलामुलींना वाटते, की हे सगळे आपल्यासाठी बोललेले नाही. वर्गातले, पुस्तकातले, मोठ्या शहरांतले बोलणे दुसऱ्याच कोणासाठी चाललेले आहे. रेडिओने मला शिकवले, की आकाशात सोडलेला शब्द कोणाचे घर पाहून उतरत नाही. फक्त तार बांधायची तयारी हवी.

हौशी रेडिओचा परवाना मिळवण्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा असते. बारा वर्षांपुढच्या कोणालाही ती देता येते. तांत्रिक प्रश्न, नियम, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्सची लिपी, असा अभ्यास आहे. मी तो सुरू केला आहे. मोर्सचा सराव आई घेते. ती पाटावर बोटाने ठोके देते आणि मी अक्षर ओळखते. तिला अक्षरे वाचता येत नाहीत, पण लांब ठोका आणि आखूड ठोका यांत ती कधी गोंधळत नाही.

आपल्या महाविद्यालयात कोणाला हा नाद लावून घ्यायचा असेल, तर दुपारी ग्रंथालयात मला भेटावे. जळक्या मोटारीची तार अजून शिल्लक आहे, दोघांना पुरेल.